घरी बनवलेली हलकी स्पोर्ट्‌स कार आणि ऑटोक्रॉस: ठाणे-नवी मुंबईत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाळ्याच्या दारातून पाइपांचा सांगाडा दिसला की चहावाल्यापासून शेजारच्या लेथवाल्यापर्यंत सगळे डोकावतात. प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. ज्यांना खरंच हात काळे करायचे आहेत त्यांच्यासाठी हे पान आहे. नुसता फोटो काढून जाणाऱ्यांनी शेवटचे दोन प्रश्न वाचले तरी चालेल.

ही गाडी म्हणजे नक्की काय?

स्टीलच्या पाइपांचा सांगाडा, वर पातळ पत्रा, दोन किंवा एकच सीट, आणि एखाद्या जुन्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल. छप्पर नाही, एसी नाही, दरवाजेही बहुतेक वेळा नाहीत. या जातीची मूळ गाडी म्हणजे कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन. ती १९५७ मध्ये आली. सुटे भाग घेऊन घरी जोडता यायची. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती आजही बनते. तिच्यावरून जगभर हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये गाड्या उभ्या केल्या.

आपल्याकडेही हे नवं नाही. कोइम्बतूरच्या एस. करीवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवून सिंगल सीटर रेसिंग गाड्या बनवल्या. नारायण कार्तिकेयनसारखे ड्रायव्हर त्याच फॉर्म्युला मारुतीतून पुढे आले. करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकचं नाव त्यांच्यावरूनच.

ऑटोक्रॉसच का? ट्रॅक रेसिंग का नाही?

कारण इथे गाडी घड्याळाशी भांडते, शेजारच्या गाडीशी नाही. मैदानावर प्लॅस्टिकचे शंकू, म्हणजे ट्रॅफिक कोन, लावून आखलेला छोटा, वळणावळणाचा मार्ग असतो, वेळ मोजतात, कोन पाडला की दंडाचे सेकंद वाढतात. वेग फारसा नसतो, बहुतेक काम दुसऱ्या गिअरमध्ये होतं. त्यामुळे ऐंशी अश्वशक्तीच्या आतली हलकी गाडी इथे चमकू शकते. लांब सरळ ट्रॅकवर तीच गाडी केविलवाणी दिसेल.

आपल्याकडच्या ऑटोक्रॉसमध्ये अशी गाडी चालते का?

पहिला पाइप कापायच्या आधी विचारायचा प्रश्न हाच. लोक तो गाडी रंगवून झाल्यावर विचारतात.

भारतात मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संस्था म्हणजे एफएमएससीआय. तिच्या परवानगीने होणाऱ्या स्पर्धेत उतरायला स्पर्धकाचं लायसन्स लागतं, आणि प्रत्येक स्पर्धेचे स्वतःचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स असतात. कोणते वर्ग आहेत, इंजिन किती सीसीपर्यंत, गाडी कंपनीची असावी लागते की ओपन वर्गात घरची बनावट चालते, रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) कसला हवा, हे सगळं त्यात असतं. एका स्पर्धेत चालली म्हणून दुसऱ्या स्पर्धेत चालेल असं नाही. म्हणून आयोजकांना स्केच पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. ‘या हो, बघू’ हे तोंडी उत्तर स्क्रुटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडी तपासणीच्या, टेबलावर कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. अमेरिकेतल्या ज्या व्हिडिओंनी तुमचं डोकं फिरवलं आहे ते सगळे पार्किंगच्या गुळगुळीत डांबरावरचे आहेत. आपल्याकडचा ऑटोक्रॉस बहुतेक वेळा मातीवर होतो. जमिनीपासून चार बोटं उंच असलेली सेव्हन तिथे पहिल्याच खड्ड्यात पोट घासून बसेल. पोटाखाली निदान सहा इंच मोकळी जागा, सम्पखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) जाड पट्टी आणि सस्पेन्शनला भरपूर प्रवास, हे मातीसाठी हवंच. डांबरासाठी वेगळी गाडी, मातीसाठी वेगळी. दोन्हींसाठी एक बनवायला गेलात तर दोन्हीकडे मागे पडाल. माझं मत विचाराल तर मातीची बनवा, कारण धावायला संधी तिथेच जास्त मिळते.

रस्त्यावर चालवता येईल का? नंबर मिळेल का?

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे कुठल्याही नव्या वाहनाच्या प्रोटोटाइपची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर व्हावी लागते. ही वाट कारखानदारांसाठी आहे, एका गाडीसाठी ती परवडत नाही. मग लोक म्हणतात, जुन्या गाडीचं आरसी आहे ना, त्यावर चालवू. तेही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने दिलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. एमएच ०४ ची पाटी लावून घोडबंदर रोडने जायचं स्वप्न इथेच सोडा.

मग चाचणी कुठे घ्यायची? पहाटे पाम बीचवर? उलव्याच्या रिकाम्या रस्त्यांवर?

दोन्हीकडे नाही. लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रस्ता रिकामा असला तरी तो सार्वजनिकच असतो. पाम बीचवर आधीच किती जीव गेलेत हे नवी मुंबईकरांना सांगायला नको. आयोजकांचा सरावाचा दिवस, किंवा मालकाच्या लेखी परवानगीची बंदिस्त खासगी जागा, एवढेच पर्याय आहेत. पहिले तास तर गाळ्याच्या आवारातच जातात: पाणी गळतं का, क्लच सुटतो का, स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बनवता येईल का?

ग्राइंडर एकदा लावून बघा. सेक्रेटरी काका लिफ्टची वाटही बघणार नाहीत, जिन्यानेच उतरतील.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, तळोजा या पट्ट्यात गाळा भाड्याने मिळतो, किंवा एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याच्या गाळ्याचा कोपरा. कोपरा मिळाला तर उत्तम, कारण वीज, कटर, ड्रिल मशीन आणि सल्ला देणारा माणूस आयता मिळतो. जागा निदान पंधरा बाय दहा फूट हवी, फरशी सपाट हवी, आणि पावसाचं पाणी आत येत नाही याची खात्री जूनच्या आधी करा.

डोनर गाडी कोणती घ्यावी?

डोनर म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे ती जुनी गाडी. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, ही सेव्हनची मांडणी हवी असेल तर सगळ्यात शहाणा पर्याय म्हणजे मारुती ईको. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसलेलं, पाच गिअर, प्रॉपेलर शाफ्ट आणि मागे कॉइल स्प्रिंगवरचा रिजिड ॲक्सल, म्हणजे लागणारं सगळं एकाच गाडीत. जुन्या ईकोचं जी१२बी इंजिन ११९६ सीसीचं, ७३ अश्वशक्तीचं, टॉर्क १०१ न्यूटन मीटर. गाडी अरुंद असल्यामुळे मागचा ॲक्सल कापून लहान करावा लागत नाही. प्रॉपेलर शाफ्ट मात्र लहान करावाच लागतो, आणि तो करून झाल्यावर बॅलन्स करून घ्यायचा. नुसता कापून वेल्ड मारलेला शाफ्ट पाठीच्या कण्याजवळ थरथरत फिरतो.

ओम्नीची मांडणीही तशीच, पण ७९६ सीसी आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. स्वस्तात शिकायला ठीक. जिप्सीचं १३०० सीसीचं, ८० अश्वशक्तीचं इंजिन भारतीय रॅलीवाल्यांचं जुनं लाडकं आहे. इंजिन घ्या, तिचे ॲक्सल आणि ट्रान्सफर केस मात्र हलक्या गाडीला धोंडाच.

मातीसाठी मला स्वतःला आवडतो तो दुसरा मार्ग: मारुती ८०० किंवा अल्टो के१० चं पुढचं अख्खं युनिट, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, सगळं उचलून ड्रायव्हरच्या मागे बसवायचं. आडवं इंजिन, प्रॉपेलर शाफ्टच नाही, वजन मागच्या चाकांवर. जिथे स्टीअरिंगचे रॉड होते तिथे ठरावीक लांबीचे रॉड लावून चाकं बांधून टाकायची. गिअर केबल लांब कराव्या लागतात आणि रेडिएटर पुढे ठेवला तर पाण्याचे पाइप गाडीभर फिरवावे लागतात. पण पाठीमागे बसलेलं के१० चं ९९८ सीसीचं इंजिन चार-पाचशे किलोच्या गाडीत अंगावर काटा आणतं.

प्रीमियर पद्मिनीबद्दल कोणीतरी विचारतंच. मांडणी अगदी योग्य, आणि बनलीही आपल्या कुर्ल्यात. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची हटली, आता उरलेल्या गाड्या लोक जपून ठेवतात. धडधाकट पद्मिनी कापायला निघालात तर मी मदतीला येणार नाही.

भंगारातून इंजिन घेतलं तर कागदांचं काय?

अख्खी गाडी घेत असाल तर मालकाचं आरसी, ओळखपत्राची प्रत आणि विक्रीपत्र घ्या. गाडी कायमची मोडीत निघाली की कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. कुर्ल्याच्या बाजारातून किंवा शीळ फाट्याकडच्या गोदामातून सुटं इंजिन घेतलं तर पावतीवर इंजिन नंबर लिहून घ्या. नंबर घासलेला असेल तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

बाइकचं इंजिन बसवलं तर?

वजन खूप वाचतं, आणि पायाच्या जागी हाताने खटाखट गिअर पडायला लागले की मजा वेगळीच. रॉयल एन्फिल्डचं ६४८ सीसीचं ट्विन ४७ अश्वशक्ती देतं, केटीएमचं ३७३ सीसीचं साधारण ४३. पण बाइकचा क्लच बाइक आणि स्वार एवढंच ओढण्यासाठी असतो. साडेतीनशे किलोची गाडी स्टार्ट लाइनवरून उठवताना तो जळतो. हवेवर थंड होणारं इंजिन सीटच्या मागे कोंडलं तर त्याला वारा पोचवायची सोय करावी लागते. रिव्हर्स नसतो. चेन तुटली तर ती ड्रायव्हरच्या पाठीकडे येते, म्हणून मधे जाड पोलादी गार्ड हवाच. पहिल्या गाडीसाठी कारचंच इंजिन घ्या.

पाइप कोणता, किती, कुठून?

कळंबोलीचा लोखंड बाजार. सहा मीटरची नळी, भाव किलोवर आणि रोज बदलता, म्हणून वजनाचा हिशेब घरूनच करून जा.

मुख्य सांगाड्याला २५ बाय २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, जाडी १.६ मिलिमीटर. त्याचं वजन मीटरला सुमारे १.१८ किलो. दोन मिलिमीटर जाडीचा घेतला तर १.४४ किलो. अशा सांगाड्याला पन्नास मीटर लागला असं धरा: पहिल्यात ५९ किलो, दुसऱ्यात ७२. मधला तेरा किलोचा फरक नुसत्या जाडीचा. दुकानदार ‘साहेब, दोनचा घ्या, मजबूत’ म्हणेलच. जिथे सस्पेन्शन, इंजिन माउंट आणि बेल्ट येतात तिथे दोनचा घ्या, बाकी ठिकाणी त्रिकोण नीट बांधा. चौकटीला ताठपणा तिरक्या पाइपमुळे येतो, जाडीमुळे नाही. नुसता चौकोन पिळला जातो, त्यात एक कर्ण टाकला की हलत नाही.

गॅल्व्हनाइज्ड पाइप आणू नका. त्याच्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री ताप भरतो, आणि जोडही भुसभुशीत होतो. विशबोनसाठी, म्हणजे चाक चौकटीला जोडणाऱ्या व्ही आकाराच्या हातांसाठी, चौकोनी पाइप नको, सीमलेस गोल नळी घ्या.

वेल्डिंग येत नाही. चालेल?

कापणं, घासणं, बसवणं तुम्ही करा. शेवटचा जोड येणाऱ्याकडून मारून घ्या, पण तो येणारा आहे का ते आधी तपासा. ग्रिल आणि गेट बनवणारा उत्तम माणूस असतो, पण तो साध्या आर्कच्या सळईने काम करतो, आणि १.६ च्या पाइपला त्याने भोक पडतं. एमआयजी किंवा टिग हवं.

तपासायची रीत अशी. त्याच पाइपचे दोन तुकडे काटकोनात जोडून घ्या. एक पाय व्हाइसमध्ये धरा आणि दुसऱ्यावर हातोडा घाला, तुकडा दुमडेपर्यंत. पाइप वाकला आणि जोड शाबूत राहिला तर माणूस पास. जोड सोललेल्या सालीसारखा सुटून आला आणि खाली पाइपची चकचकीत, न वितळलेली कड दिसली, तर वरून माळ कितीही सुंदर असो, दुसरा माणूस शोधा. मग एक नमुना जोड मधोमध करवतीने कापून बघा: माल मुळापर्यंत गेलाय की नुसता वर बसलाय ते उघड्या डोळ्यांना दिसतं.

बसवताना दोन पाइपांमधली फट कागद जाईल एवढीच असावी. फट मालाने भरू म्हणणाऱ्या वेल्डरचा जोड थंड होताना पाइपला ओढून घेतो. आधी सगळा सांगाडा फक्त टॅकवर, म्हणजे ठिपक्याएवढ्या तात्पुरत्या वेल्डवर, उभा करायचा. गुण्या लावायचा, कर्ण मोजायचे, दोन्ही कर्णांत दोन मिलिमीटरहून जास्त फरक नको. इंजिन, गिअरबॉक्स, पेडल आणि स्वतःला आत बसवून बघायचं. गुडघा स्टीअरिंगला लागतोय हे टॅकवर असताना कळलं तर दहा मिनिटांचं काम असतं. मगच पूर्ण वेल्डिंग, तेही डावीकडे एक जोड, मग उजवीकडे, मग मागे. एकाच कोपऱ्यात सलग मारत बसलात तर सकाळी चौकट केळ्यासारखी वाकलेली दिसेल.

रोल केज हौस म्हणून बसवायचा की लागतोच?

उघड्या गाडीत त्याच्याशिवाय मैदानावर उतरायचं नाही, नियमात असो वा नसो. मोटरस्पोर्टची जागतिक संस्था एफआयए, तिच्या नियमांच्या अपेंडिक्स जे मधलं माप डोळ्यांसमोर ठेवा: कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टील, मुख्य हूपला (ड्रायव्हरच्या मागच्या कमानीला) ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटर, बाकी नळ्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. नळी थंडच वाकवायची, मँड्रेल बेंडरवर. गॅसने लाल करून किंवा वाळू भरून वाकवलेली नको. बेल्ट लावून बसल्यावर हेल्मेटच्या वर निदान चार बोटं जागा उरली पाहिजे, आणि डोक्याजवळच्या नळीवर पॅडिंग.

सस्पेन्शन आणि ब्रेकमध्ये लोक कुठे अडकतात?

पुढच्या नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुकड्यात. जिप्सी सोडली तर वर सांगितलेल्या मारुतीच्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे नकलला वरचा बॉल जॉइंटच नसतो. डबल विशबोन करायचा तर स्ट्रटच्या दोन बोल्टांच्या जागी ब्रॅकेट बनवून त्यात बॉल जॉइंट बसवावा लागतो. हा तुकडा चांगल्या टर्नरकडून करून घ्या आणि बोल्ट हाय टेन्साइल वापरा, डोक्यावर निदान ८.८ लिहिलेलं. रॉड एंडच्या (टोकाला फिरता गोळा असलेल्या सांध्याच्या) आट्यांवर वाकवणारा जोर येऊ देऊ नका, तिथूनच तुटतात. स्टीअरिंग रॅकची उंची चुकली तर चाक वर-खाली होताना आपोआप वळतं. स्प्रिंग काढून चाक जॅकने दहा-दहा मिलिमीटर उचला आणि प्रत्येक टप्प्यावर टो (चाक किती आत-बाहेर वळलंय ते) मोजा, लगेच कळेल.

ब्रेक डोनर गाडीचेच पुरतात, वजन जवळपास अर्ध्यावर आलेलं असतं. पण पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण मूळ गाडीचं असतं आणि तुमच्या गाडीचं वजन वेगळ्या जागी आहे. दोन मास्टर सिलिंडर आणि मधे बॅलन्स बार असेल तर ते जुळवता येतं, शिवाय एक सर्किट गेलं तरी दुसरं उरतं. पुढची चाकं किंचित आधी लॉक होतील असं ठेवा. मागची आधी लॉक झाली तर गाडी तोंड फिरवते.

डिफरन्शियल वेल्ड करून टाकू का?

डिफरन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, वेल्ड केला की ती एकत्रच फिरतात. मातीवर चालतं, डांबरावर गाडी सरळ जायला बघते आणि शाफ्टवर ताण येतो. आधी उघड्या डिफवर गाडी शिका.

टायर?

तेरा इंची, अरुंद. रुंद टायर हलक्या गाडीत गरमच होत नाही. मातीसाठी एमआरएफ आणि जेके दोघेही रॅलीचे टायर बनवतात. टायरमधली हवा कंपनीच्या आकड्यावर ठेवू नका, तो आकडा दुप्पट जड गाडीचा आहे. कमी करत जा आणि टायरची बाजू कुठपर्यंत घासली जाते ते खडूच्या रेघेवरून बघा.

शेवटी वजन किती भरायला हवं, आणि फायदा किती?

ईकोची ७३ अश्वशक्ती साधारण ९४० किलोला ओढते, म्हणजे टनाला ७८. तेच इंजिन, काहीही न करता, ५५० किलोच्या गाडीत टनाला १३३ होते. इंजिन बोअर करून, कॅम बदलून एवढं मिळवायला गेलात तर खिसा आणि इंजिन दोन्ही फुटतील. शिवाय हलकेपणाचा फायदा वळणावर आणि ब्रेकलाही मिळतो, अश्वशक्तीचा नाही. म्हणून जो माझ्याकडे येऊन पहिल्यांदा टर्बोबद्दल विचारतो त्याला मी आधी सीटचं वजन विचारतो.

महाप्याच्या वजनकाट्यावर एकूण आकडा कळतो, पण चाकागणिक कळत नाही. त्यासाठी प्रत्येक चाकाखाली दोन बाथरूम काटे शेजारी ठेवून वर जाड फळी, ड्रायव्हर आत, फरशी सपाट. डावं-उजवं जुळेपर्यंत बॅटरी, टाकी, एक्स्टिंग्विशर हलवत राहायचं.

अंगावर काय लागतं?

आयएसआयचं बाइकचं हेल्मेट नव्हे. स्नेल एसए२०२० किंवा एफआयए ८८५९ चं, कारण त्यात आगीचा विचार केलेला असतो. बेल्ट एफआयए ८८५३-२०१६, ओव्हरऑल एफआयए ८८५६ मालिकेतलं. बेल्टची आणि हेल्मेटची तारीख बघून घ्या, जुना माल स्वस्तात विकणारे भरपूर आहेत. गाडीत एक्स्टिंग्विशर, इंजिन आणि सीटमध्ये अखंड पत्र्याची फायरवॉल, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून हात पोचेल असा मास्टर स्विच. पेट्रोलची टाकी नाकात नको, प्लॅस्टिकचा कॅन तर कुठेच नको.

पावसाळ्यात काम चालू ठेवावं का?

ठेवा, पण खाडीची हवा विसरू नका. घासलेला उघडा पाइप रात्रभर ठेवला तर सकाळी पिवळसर होतो. संध्याकाळी तेलाचा हात फिरवा, वेल्डच्या जागा पुसून ठेवा, आणि पूर्ण झालेल्या भागाला लगेच रेड ऑक्साइड. पाइपांची उघडी टोकं बंद करा, आत गेलेलं पाणी दिसत नाही. पावडर कोटिंगचा मोह पहिल्या वर्षी टाळा, कारण तडा गेलेला जोड त्याच्याखाली लपतो. साधा फिका रंग लावा, तडा काळ्या रेघेसारखा दिसतो.

खर्च किती? वेळ किती?

क्रम सांगतो. पाइप सगळ्यात स्वस्त. मग डोनर गाडी. मग टर्निंग, लेझर कटिंग, बेंडिंग अशी बाहेरची कामं, जी अंदाजाच्या पुढे जातातच. आणि हेल्मेट-बेल्ट-ओव्हरऑल, जे कित्येकदा डोनर गाडीच्या बरोबरीने जातं. ते आधी बाजूला काढा, उरलेल्यात गाडी बनवा. वेळ? सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याने पुढच्या मोसमाचं नाव घ्यावं, या मोसमाचं नाही. शुक्रवारी एमआयडीसीतल्या बऱ्याच गाळ्यांना सुट्टी असते, तेव्हा लेथवाल्याकडचं काम गुरुवारीच उचला.

मैदानापर्यंत गाडी न्यायची कशी?

फ्लॅटबेडवर. नंबर नसलेली गाडी ओढूनही नेऊ नका. बांधायला सस्पेन्शनचे हात वापरायचे नाहीत, चौकटीला चार हुक आधीच वेल्ड करून ठेवा. सोबत विक्रीपत्र, पावत्या आणि स्पर्धेच्या प्रवेशाची प्रत ठेवा, टोलनाक्यावर कोणी विचारलं तर दाखवायला बरी. आणि एक ताडपत्री घ्या, नाहीतर शीळ फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये शेजारचा टेम्पोवाला काच खाली करून हे सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारेल.